रोहिणी गोडबोले फक्त कागदावरचं गणित करायच्या?

‘थिअरीवाल्यांना यंत्रातलं काय कळणार, ते फळ्यावर समीकरणं मांडणार’ हा समज फार जुना. रोहिणी गोडबोले यांचं काम पाहिलं की तो टिकत नाही.

पुण्याच्या हुजूरपागेतली ही मुलगी आयआयटी मुंबईत शिकली, अमेरिकेत स्टोनी ब्रुकला पीएच.डी. करून परतली आणि 1995 पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमली. पदवी सैद्धांतिक कणभौतिकीची, पण डोळा कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रावर.

अशा यंत्रात इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध भाराचा जुळा पॉझिट्रॉन यांची टक्कर म्हणजे स्वच्छ मामला, असं मानलं जाई. पण टकरी वाढवायला कणांचे झोत फारच दाबले, की समोरच्या झोताच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात कण वळतात आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडतात. हे फोटॉन वाटतात तितके साधे नसतात. त्यांच्यात प्रोटॉनच्या पोटात असतात तसे क्वार्क-ग्लुऑन हे कण सापडतात. दोन फोटॉन एकमेकांवर आदळले, की टकरी टिपणाऱ्या डिटेक्टरमध्ये नको असलेल्या कणांचा कचरा! सहसंशोधक मानुएल ड्रीस यांच्यासोबत गोडबोले यांनी 1991 मध्ये हा धोका हिशेबानिशी दाखवला. झोत किती दाबायचा, हे ठरवताना यंत्र आखणाऱ्यांना तो जमेस धरावा लागला. आता सांगा, हे नुसतं फळ्यावरचं गणित?

2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये त्या गेल्या.