वायपर : हिमकाळातील बिघाड व निगा

मोटारगाडीच्या पुढच्या काचेवरचे पाणी, चिखलाचे शिंतोडे व भुसभुशीत बर्फ बाजूला सारणारे साधन म्हणजे वायपर. रबरी धार बसवलेले पाते, ते काचेवर दाबून धरणारी स्प्रिंगची भुजा, भुजा हलवणाऱ्या जोडदांड्या आणि सामान्यतः १२ व्होल्टवर चालणारी मोटर हे त्याचे मुख्य भाग. तापमान शून्य अंश सेल्सिअसखाली गेले की यांतील प्रत्येक भागाला वेगळा त्रास होतो. प्रस्तुत नोंद त्या त्रासापुरती व त्यावरील उपायांपुरती आहे.

उगम : पहिला वायपर कोणाचा, हा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. बहुतेक संदर्भग्रंथ अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन यांना हा मान देतात. १९०२-०३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये ट्राममधून जाताना, समोरची काच गोठल्यामुळे चालकाला ती उघडून बर्फाचा मारा तोंडावर घेत ट्राम हाकावी लागते, हे त्यांनी पाहिले. त्यातून सुचलेल्या साधनाला १० नोव्हेंबर १९०३ रोजी ७,४३,८०१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. आत बसून मूठ फिरवली की बाहेरची रबरपट्टी काचेवरून सरके, आणि दाब टिकवण्यासाठी तिला प्रतिभार जोडलेला असे. हिवाळा सरला की ते साधन काढून ठेवता येत असे. १९०५ मध्ये कॅनडातील एका कंपनीने व्यापारी मूल्य नाही म्हणून ते नाकारले आणि १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली.

त्याच सुमारास जे. एच. ॲपजॉन यांनी उभ्या काचेवर दोन ब्रश वरखाली सरकवण्याची पद्धत मांडली होती. पियानोवादक योझेफ हॉफमान यांचेही नाव घेतले जाते. जर्मन परंपरेत प्रशियाचे राजपुत्र हाइन्रिख यांच्या १९०८ च्या पेटंटाला महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये न्यूकासलचे छायाचित्रकार ग्लॅडस्टन ॲडम्स यांची कथा सांगतात : एप्रिल १९०८ मध्ये लंडनहून फुटबॉलचा अंतिम सामना पाहून परतताना काचेवरचा बर्फ काढण्यासाठी त्यांना पुन्हापुन्हा थांबावे लागले, आणि १९११ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. तारखा जुळवून पाहता अँडरसन यांचा अग्रक्रम मान्य करणेच सयुक्तिक वाटते. मात्र आजचा वायपर त्यांच्या मुठीच्या वायपरपासून सरळ उतरला, असे म्हणणे धाडसाचे होईल. अँडरसन व ॲडम्स या दोघांच्याही कथांत कारण एकच आहे : पावसाचे पाणी नव्हे, तर काचेवर साचणारा बर्फ.

यंत्रशक्तीवर चालणारे वायपर नंतर आले. शार्लट ब्रिजवुड यांनी १९१७ मध्ये काचेवरून फिरणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या रूळांची (रोलरची) कल्पना मांडली, पण ती बाजारात टिकली नाही. १९२० च्या दशकात एंजिनाच्या निर्वातावर, म्हणजे एंजिन हवा आत ओढते त्या ओढीवर, चालणारे वायपर रूढ झाले. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की निर्वात कमी पडून ते मंदावत. १९२६ मध्ये बॉश कंपनीने विद्युत् वायपर बाजारात आणला. या नोंदीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. निर्वाताचा वायपर बर्फात अडला की निमूट थांबे; विद्युत् मोटर मात्र वर्म गिअरच्या (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या मळसूत्री दातेचक्राच्या) जोरावर ओढत राहते आणि साखळीतला सर्वांत कमजोर भाग तुटतो.

पाते का चिकटते : पात्याची धार व काच यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर राहतो. एंजिनाच्या व केबिनच्या उष्णतेने वितळलेला बर्फ काचेवरून ओघळून खाली, नेमका पाती विसावतात त्या खोबणीत साचतो. गाडी थंड पडली की तोच थर धारेला काचेशी जखडतो. म्हणून भर हिमवृष्टीत उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा, गरम असताना थांबवलेल्या गाडीची पाती जास्त घट्ट धरलेली आढळतात. निरभ्र रात्री काच आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. त्यामुळे हवा शून्याच्या किंचित वर असतानाही तिच्यावर दंव गोठून पांढरा थर धरतो.

रबराचा दोष लोक समजतात त्याहून कमी असतो. नैसर्गिक रबर सुमारे उणे ७० अंशांपर्यंत काचेसारखे ठिसूळ होत नाही. मात्र उणे २५ अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिल्यास त्यात सावकाश स्फटिकीभवन होते व ते ताठरते. क्लोरोप्रीन हे कृत्रिम रबर त्याआधीच कडक होऊ लागते. प्रत्येक फेरीच्या टोकाला धारेने एका अंगावरून दुसऱ्या अंगावर पडायला हवे. ताठरलेली धार तशी पडत नाही, आणि मग ती थरथरत, करकरत, काचेवर पट्टे ओढत जाते. सांधेदार चौकटीच्या जुन्या पात्यांत आणखी एक अडचण असते : सांध्यांत बर्फ भरला की भुजेचा दाब सर्व लांबीवर सारखा पोचत नाही, कडेला काच पुसली जाते, मध्ये धुरकट राहते. रबरी आवरणातली हिवाळी पाती व सांधे नसलेली एकपट्टी पाती यासाठीच निघाली.

बिघाड ओळखणे : बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज पाहावा, मग रिले (मोटरीचा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत् खटका) व मोटर. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, म्हणून फ्यूज उडणे हा सुदैवी शेवट मानावा. काही मोटरींत तापल्यावर आपोआप खंडित होणारा संरक्षक असतो. तो थंड झाला की वायपर पुन्हा चालतो. मोटर घरघरते पण दोन्ही भुजा स्थिर आहेत, असे असल्यास जोडदांडीचा प्लॅस्टिकचा गोलसांधा निसटलेला असण्याची शक्यता अधिक. तो बहुधा दाबून परत बसतो, पण झिजलेला असल्यास पुन्हा निसटतो. एकच भुजा हलत असेल तर तिच्या बुडाची टोपी काढून पाहावी. आत नटाखाली दातेरी निमुळता कणा दिसतो आणि त्यावर भुजेचे मऊ धातूचे भोक बसते. भुजा बर्फात अडली असताना कणा फिरत राहिला की भोकातले दाते खरवडून निघतात आणि नटाभोवती करड्या रंगाचा बारीक भुगा जमतो. भुगा थोडा असेल तर तारेच्या ब्रशाने दाते साफ करून, भुजा योग्य कोनात बसवून नट आवळल्यास काम भागते. दाते गुळगुळीत झाले असल्यास भुजाच बदलावी लागते; नट वाटेल तितका आवळून ती धरत नाही.

मोकळे करण्याची रीत : पाते ओढून काढू नये. ओढल्यास धार काचेला चिकटूनच राहते आणि पात्यात नुसता फाटका काठ उरतो. वायपर बंद आहे याची खात्री करून गाडी सुरू करावी, काचेवर आतून गरम हवेचा झोत सोडावा आणि थांबावे. तेवढ्यात छतावरचा व बॉनेटवरचा बर्फ झाडावा, नाहीतर तोच घसरून पुन्हा काचेवर येतो. काच प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करावी व पाती हाताला सहज सुटू लागल्यावरच बटण दाबावे. उकळते पाणी ओतणे सर्वथा टाळावे : दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली पुढची काच एका बाजूने एकदम तापली की लहानशा जुन्या चिरेतून तडा धावतो, आणि ओघळलेले पाणी खोबणीत पुन्हा गोठते.

प्रतिबंध : सर्वांत उपयोगी सवय फुकटची आहे. एंजिन बंद करण्याआधी वायपर बंद करून पाती जागेवर येऊ द्यावीत. अर्ध्यावर थांबलेला वायपर दुसऱ्या सकाळी किल्ली फिरवताच, गोठलेल्या अवस्थेतच, जागेवर परतायला धडपडतो आणि बहुतेक मोडतोड त्या पहिल्या दोन सेकंदांत होते. काचेवर झाकण टाकल्याने दंवही टळते.

रात्री भुजा उभ्या ठेवाव्यात की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. पक्षात असे म्हणतात की धार काचेला चिकटत नाही. विरोधात म्हणतात की स्प्रिंग ताणलेली राहते आणि वाऱ्याने भुजा आपटून काच फुटू शकते. वारा नसलेल्या ठिकाणी उभ्या ठेवण्यास हरकत दिसत नाही. पाती बॉनेटच्या कडेखाली दडलेली असल्यास भुजा जबरदस्तीने न उचलता दुरुस्तीसाठीच्या स्थितीत आणाव्यात. ती रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

काच धुण्याच्या द्रवात गोठणरोधक म्हणून अल्कोहोल असते. वजनाने २० टक्के एथिल अल्कोहोलचे मिश्रण सुमारे उणे ११ अंशांना व ४० टक्क्यांचे सुमारे उणे २९ अंशांना गोठू लागते. मिथिल अल्कोहोल विषारी असल्याने युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाने सर्वसामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा द्रवांत त्याचे प्रमाण ०.६ टक्क्यांहून कमी ठेवणे बंधनकारक केले. चालत्या गाडीत हा द्रव फवारला की वाऱ्याने अल्कोहोल आधी उडते आणि उरलेले पाणी डोळ्यांसमोर काचेवर गोठते. म्हणून काच आतून तापल्याशिवाय फवारा मारू नये. व्हिनेगरची बरीच शिफारस होते, पण त्यात सुमारे ५ टक्केच ॲसिटिक अम्ल असते व गोठणबिंदू जेमतेम दीड-दोन अंशांनी उतरतो; कडक थंडीत त्याचा भरवसा धरता येत नाही.

काही गाड्यांत पात्यांच्या विसाव्याच्या जागी काचेत तापणाऱ्या तारा असतात. संपूर्ण तापणारी पुढची काच फोर्ड कंपनीने १९८५ पासून युरोपातील गाड्यांत दिली. अमेरिकेच्या सुरक्षा मानक क्र. १०४ नुसार वायपरला किमान दोन वेग असावे लागतात; एक वेग मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा, दुसरा किमान २० फेऱ्यांचा, व दोहोंत किमान १५ फेऱ्यांचा फरक. युरोपीय नियमांत वायपर सलग १५ सेकंद अडवून धरला तरी यंत्रणेने तग धरावा, अशी अट आहे.