‘लो’ आणि ‘लो’: देवाच्या वहीतले दिवस

बायबलातले स्तोत्र १३९ म्हटले की सुरुवातच आठवते: देवा, माझे उठणे-बसणे तुला ठाऊक, शब्द जिभेवर यायच्या आत तो तुला ठाऊक. पण माणसाचे आयुष्य देवाला आधीच ठाऊक असेल तर ते आधीच ठरलेलेही आहे का, या वादाची गाठ सोळाव्या वचनात आहे. तिथे ‘गोलेम’ हा शब्द येतो, साऱ्या हिब्रू शास्त्रात, म्हणजे ज्यूंच्या बायबलात, एकदाच. अजून आकार न धरलेला गर्भ. मराठीतला ‘पिंड’ त्याच्या सर्वांत जवळचा. देवाचे डोळे तो पिंड पाहतात आणि सारे वहीत लिहिले जाते. सारे म्हणजे अवयव की आयुष्याचे दिवस, हे वाक्यावरून ठरत नाही. शेवटचे तीन शब्द तर दोन तऱ्हांनी जपले गेले आहेत.

इ.स. ७व्या ते १०व्या शतकांत गालीलमधल्या तिबेरिया गावातल्या ज्यू पंडितांनी शास्त्राचे स्वर आणि उच्चार पक्के केले. लिहिलेल्या अक्षराला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. वाचनाची परंपरा वेगळी असेल तिथे ओळ तशीच ठेवून समासात खूण करायची. इथे ओळीतल्या ‘लो’मध्ये आलेफ हे हिब्रू अक्षर आहे, म्हणजे ‘नाही’. समासातल्या ‘लो’मध्ये वाव हे अक्षर आहे, म्हणजे ‘त्याचा’. कानाला दोन्ही सारखेच. आलेफ धरला तर दिवस घडवले गेले तेव्हा त्यांतला एकही उगवला नव्हता. जन्माआधीच आयुष्य मांडून झालेले. वाव धरला तर दिवस घडवले गेले आणि त्यांतला एक त्याचा, म्हणजे देवाचा. हा एक कोणता? जुन्या भाष्यांत कोणी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, म्हणतात, कोणी प्रायश्चित्ताचा दिवस, कोकणातले बेने इस्राएल ज्यू ज्याला दारफळणीचा सण म्हणत आले तोच.

मला आलेफच बरोबर वाटतो. पिंड, वही, न उगवलेले दिवस, हा ओघ सरळ आहे. पण वाव वाचणाऱ्यांनी त्या ओळीतून विधिलिखिताचे ओझे उतरवले आणि तिथे देवाकडे परतण्याचा एक दिवस ठेवला, याचे मोल मोठे आहे.

बायबलात या स्तोत्राच्या आधी येणाऱ्या कथांत देवाचे जाणणे इतके पक्के दिसत नाही. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात सदोम नगराविरुद्धचा आक्रोश खरा आहे का ते पाहायला तो खाली उतरतो. मुलाचा बळी द्यायला उचललेला अब्राहामाचा हात थांबवून दूताच्या तोंडून ‘आता मला कळले’ म्हणतो. ‘यादा’ (जाणणे) या हिब्रू क्रियापदातही माहितीपेक्षा ओळख जास्त आहे, नवराबायकोच्या जवळिकीलाही तेच लागते.

देवाला सारे आधीच ठाऊक, तर माणूस निवडायला मोकळा कसा, हा प्रश्न पुढे तत्त्वज्ञांच्या हाती गेला. इ.स. २००च्या सुमाराच्या ज्यू धर्मनियमांच्या संहितेत ‘सारे दिसत आहे आणि मोकळीकही दिली आहे’ एवढेच वचन होते. १२व्या शतकात कैरोजवळ राहणाऱ्या एका ज्यू वैद्य-तत्त्वज्ञाने म्हटले की देवाचे जाणणे आपल्या जाणण्यासारखे नाहीच, म्हणून त्याने माणसाची निवड बांधली जात नाही. दक्षिण फ्रान्समधल्या समकालीन पंडिताने त्यावर टीप लिहिली: सोडवता येत नव्हते, तर प्रश्न काढलाच कशाला? १४व्या शतकात त्याच मुलखातल्या एका खगोलज्ञाने धाडस केले. सृष्टीची घडी देव जाणतो, म्हणाला. अमुक माणूस प्रत्यक्षात काय निवडील हे आधी ठरलेले नाही, म्हणून ते आधी जाणण्याजोगेही नाही. १३२९मध्ये पुरा झालेल्या त्याच्या ग्रंथाचे नाव ‘परमेश्वराची युद्धे’. विरोधकांनी ते ‘परमेश्वराविरुद्धची युद्धे’ असे केले.