द ड्रीमिंग

ब्रिटिश गायिका व संगीतकार केट बुश हिचा चौथा अल्बम. ईएमआय कंपनीने तो १३ सप्टेंबर १९८२ रोजी प्रकाशित केला. त्यात दहा गाणी असून निर्मितीची सगळी सूत्रे तिने प्रथमच एकटीने सांभाळली. सॅम्पलरला, म्हणजे आवाज टिपून ते वाद्यासारखे वाजवणाऱ्या यंत्राला, मानाचे स्थान देणाऱ्या सुरुवातीच्या आर्ट पॉप (प्रयोगशील वळणाचे पॉप संगीत) अल्बमांत त्याची गणना होते.

सिडनीत तयार झालेल्या फेअरलाइट सीएमआय या संगणकी सॅम्पलरशी तिची ओळख ब्रिटिश गायक पीटर गेब्रिएलमुळे झाली. कोणताही आवाज क्षणभर टिपायचा आणि पट्ट्या दाबून हव्या त्या स्वरात वाजवायचा, ही त्याची करामत. आवाज फक्त ८ बिटांत, म्हणजे ढोबळ अचूकतेने, साठवला जात असल्याने नाद खरखरीत येई. बुशने ती खरखर झाकली नाही. पुढे हिप-हॉपमध्ये जुन्या तबकड्यांतले तुकडे जोडून गाणी रचली गेली. या अल्बमचा मार्ग निराळा आहे: काहीही वाजू शकते, अगदी गाढवाचे ओरडणेसुद्धा. ‘गेट आउट ऑफ माय हाउस’च्या अखेरीस ते ऐकू येते, आणि तेही माणसांनीच काढलेले आहे. ‘सॅट इन युअर लॅप’मध्ये हवेत फिरवलेल्या वेताच्या छड्यांचे सपकारे आहेत. ‘ऑल द लव्ह’मध्ये उत्तरयंत्रावर उरलेले परिचितांचे निरोप एकामागून एक येतात, अल्बममधली सर्वांत साधी आणि बहुधा सर्वांत परिणामकारक युक्ती हीच. ‘हुडिनी’साठी आवाज घोगरा व्हावा म्हणून तिने दूध आणि चॉकलेट यांचा मारा केला होता.

शीर्षकगीत ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या हिरावलेल्या भूमीविषयी आहे. त्याची सिंगल (स्वतंत्रपणे विकलेली एका गाण्याची तबकडी) ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ४८व्या क्रमांकाच्या वर गेली नाही. वर्षभर आधी आलेले ‘सॅट इन युअर लॅप’ ११व्या क्रमांकावर पोचले होते. अल्बमने मात्र ३रा क्रमांक गाठला, म्हणजे तो सपशेल आपटला असे म्हणता येत नाही.

समीक्षकांची मते विभागली. काहींना त्यातले धाडस भावले, काहींना एकाच गाण्यात इतके आवाज, उच्चार आणि पात्रे कोंबलेली सोसवली नाहीत. ही तक्रार अगदीच निराधार नव्हे. पहिल्या ऐकण्यात अल्बम दमवतो. मी वेडी झाले असे लोकांना वाटले, असे बुशनेही नंतर म्हटले. १९८५च्या ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ या तिच्या पुढच्या अल्बममध्ये फेअरलाइट कायम राहिला, पण चाली सुटसुटीत झाल्या आणि विक्रीही वाढली. पुढच्या काळात ‘द ड्रीमिंग’विषयीचे मत बदलत गेले; आज अनेक समीक्षक त्याला तिच्या सर्वोत्तम कामांत धरतात.