जेवल्याची आठवण आणि वजनाचा काटा

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात फक्त दोन रुग्ण होते. मेंदूला झालेल्या इजेमुळे दोघांनाही थोड्या वेळापूर्वी घडलेलं काही आठवत नसे. त्यांना दुपारचं जेवण दिलं आणि ताटं उचलून नेली. दहा ते तीस मिनिटांनी जेवण पुन्हा समोर ठेवलं, तर दोघांनी तेही खाल्लं. तिसऱ्यांदा आणलं, तेव्हाही बहुतेकदा खायला सुरुवात केली. पोट भरलेलं होतं, पण आपण जेवलोय हे आठवत नव्हतं.

आपण किती खातो ते ठरवण्यात पोटाइतकाच स्मृतीचाही हात असतो, असं यातून दिसतं. सकाळी काय खाल्लं, ते किती जड होतं, संध्याकाळी कुठे जेवायचंय, या सगळ्याची नोंद मेंदू ठेवत असतो. म्हणून अतिलठ्ठपणा आणि स्मरणशक्तीचा संबंध तपासायचा, तर प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो. वजनामुळे स्मृती मंदावते का? की स्मृती आणि नियोजन आधीच थोडं कच्चं असल्यामुळे वजन वाढतं?

अतिलठ्ठपणा म्हणजे साधारणपणे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 40 किंवा त्याहून जास्त. पाच फूट तीन इंच, म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन 102 किलोच्या पुढे गेलं की तो या गटात येतो. या लोकांच्या विचारक्षमतेचा पद्धतशीर अभ्यास ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातले जॉन गनस्टॅड यांच्या गटाने केला. बॅरिएट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांना त्यांनी आधी चाचण्या दिल्या. शब्दांची यादी ऐकून लक्षात ठेवायची, थोड्या वेळाने ओळखायची, वगैरे. साधारण चौघांपैकी एकाची शिकण्याची आणि ओळखण्याची क्षमता अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरली.

या आकड्याची दुसरी बाजू बातम्यांच्या मथळ्यात सहसा येत नाही: चौघांपैकी तिघांच्या स्मृतीत तसा दोष नव्हता. शिवाय ज्यांच्यात फरक दिसतो त्यांचाही तो 'बुद्धी कमी' या प्रकारचा नसतो. तो मुख्यतः लक्ष टिकवणं, मोह आवरणं, पुढचा बेत आखणं आणि घडलेल्या गोष्टी तपशिलात आठवणं या कामांत दिसतो. केंब्रिजमधल्या लूसी चेक यांनी 2016 साली तरुणांना संगणकावर वस्तू लपवायचा खेळ दिला. कोणती वस्तू, कुठे आणि केव्हा लपवली, हे तिन्ही एकत्र आठवायचं होतं. बीएमआय जास्त असलेल्यांची कामगिरी सरासरीने कमी पडली. अभ्यास लहान होता, पन्नास जणांचा. पण 'काय, कुठे, केव्हा' ही तीच आठवण आहे, जी रोझिनच्या रुग्णांकडे नव्हती.

आधी काय, नंतर काय, या प्रश्नावर सगळ्यात खरमरीत उत्तर न्यूझीलंडमधून आलं. ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा तिथले संशोधक जन्मापासून पाठपुरावा करत आहेत. ती वयाच्या 38 व्या वर्षी पोहोचली तेव्हा लठ्ठ झालेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा कमी होता. मात्र तो बालपणीही कमीच होता. लठ्ठ झाल्यामुळे तो घसरला, असं दिसलं नाही. चाळिशीच्या आतल्या माणसांवर एकदाच चाचणी घेऊन 'चरबीने मेंदू मंदावतो' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा अभ्यास आधी वाचावा, असं माझं मत आहे.

तरीही शरीरातून मेंदूपर्यंत जाणाऱ्या वाटा खऱ्या आहेत. पहिली वाट झोपेतून जाते. बॅरिएट्रिक दवाखान्यात येणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांना स्लीप ॲप्निया असतो. झोपेत घशाचा मार्ग बंद होतो, श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागं करतो. गंभीर ॲप्नियात असं तासाला तीसपेक्षा जास्त वेळा घडतं. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. घरच्यांना फक्त घोरणं ऐकू येतं. पण दिवसाच्या आठवणी पक्क्या होण्याचं काम झोपेतच होतं, आणि नेमकं तेच रात्रभर मोडत राहतं. 'हल्ली काही लक्षात राहत नाही' ही तक्रार घेऊन आलेल्या जाड माणसाला डॉक्टरांनी आधी झोपेबद्दल विचारावं, ते यासाठी.

दुसरी वाट इन्सुलिनची. आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात इन्सुलिनचा संदेश टिपणारे रिसेप्टर भरपूर असतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मेंदूलाही त्याची झळ लागते. तिसरी सूजेची: पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी स्वस्थ बसत नाही, ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. आणि उच्च रक्तदाब मेंदूतल्या बारीक वाहिन्या खराब करतो, हे तर लठ्ठपणाशिवायही खरं आहे.

खाण्याचा थेट परिणामही वजनापासून वेगळा काढता येतो. चरबी आणि साखर भरपूर असलेला आहार दिलेल्या उंदरांची जागा लक्षात ठेवण्याची क्षमता तीनच दिवसांत घसरल्याचं एका प्रयोगात दिसलं. सिडनीतल्या मॅक्वायरी विद्यापीठात सडपातळ, निरोगी तरुणांना आठवडाभर वॉफल्स आणि फास्ट फूड दिलं, तर हिप्पोकॅम्पसशी निगडित स्मृती मंदावली आणि पोट भरलेलं असतानाही खायची इच्छा वाढली. हे 2020 साली प्रसिद्ध झालं. ही मुलं लठ्ठ नव्हती.

वजन कमी झालं तर काय होतं? गनस्टॅड यांच्या गटाने 109 शस्त्रक्रिया झालेल्यांची 41 न झालेल्यांशी तुलना केली. बारा आठवड्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांची स्मृती सुधारली होती, दुसऱ्या गटात ती सुधारणा नव्हती. नेदरलँड्समधला बॅरिको अभ्यास यापुढे गेला. 35 ते 55 वयाच्या 133 जणांची गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्न पुढच्या आतड्यात वळवणाऱ्या) शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन वर्षं तपासणी झाली. 2024 साली आलेल्या निष्कर्षांनुसार सुमारे 43 टक्के लोकांची एकूण विचारक्षमता किमान 20 टक्क्यांनी वाढली. दाहाची लक्षणं घटली, औषधं कमी झाली, नैराश्य ओसरलं. कानशिलाच्या आत असलेल्या मेंदूच्या टेम्पोरल भागाचं बाह्य आवरण किंचित जाड झालं. गंमत म्हणजे मेंदूच्या बऱ्याच भागांतला रक्तप्रवाह कमी झाला होता, पण रक्त पोचण्याची कार्यक्षमता वाढली होती.

इथे थोडी शंका ठेवायला हवी. तीच चाचणी पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात, आणि बॅरिकोमध्ये शस्त्रक्रिया न झालेला तुलनेचा गट नव्हता. झोप सुधारली, मन हलकं झालं, चालणं वाढलं, साखर आटोक्यात आली. यातल्या कशाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. रुग्णाच्या दृष्टीने मात्र हिशेब वेगळा करायची गरजही नसते.

शस्त्रक्रियेनंतर एक धोका उलट्या दिशेने येतो. सतत उलट्या होत राहिल्या आणि जीवनसत्त्व बी-1 कमी पडलं, तर काही आठवड्यांत वेर्निके नावाचा मेंदूविकार होऊ शकतो: गोंधळ, तोल जाणं, नजर फिरणं. वेळेत बी-1 दिलं नाही तर स्मृतीचं कायमचं नुकसान होतं. गोळ्या, प्रथिनं, घोट-घोट पाणी, तपासण्यांच्या तारखा असं वेळापत्रक ज्यांना आठवणीत ठेवायचंय, त्यांच्यातल्याच काहींची स्मृती कच्ची असते. तोंडी सूचना देऊन 'रुग्ण ऐकत नाहीत' म्हणण्यापेक्षा सूचना मराठीत लिहून द्याव्यात, घरातल्या एकाला सोबत बसवावं आणि फोनवर गजर लावून द्यावा. हे स्वस्त आहे.

बीएमआयवर सगळा भार टाकणं आपल्याकडे तर आणखीच धोक्याचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही इन्सुलिनला बिघडवणारी चरबी पुरेशी असू शकते.

वयानुसार चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. लंडनच्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात, पन्नाशीत लठ्ठ असलेल्यांना पुढे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याची शक्यता जास्त आढळली. साठी किंवा सत्तरीतल्या लठ्ठपणाशी असा संबंध दिसला नाही, कारण निदानाच्या सुमारे आठ वर्षं आधीपासूनच अशा रुग्णांचं वजन उतरू लागलेलं असतं. तेव्हा सत्तरीतल्या आजोबांचं वजन काही प्रयत्न न करता घटत असेल, तर 'बरं झालं, बारीक झाले' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना वजनाबरोबरच त्यांच्या विसरण्याबद्दलही सांगा.