बरे-वाईट कोणाच्या मर्जीवर? ख्रिस्ती नीतिविचाराची पार्श्वभूमी

देव न मानणारा माणूस नीतीने वागूच शकत नाही, असे ख्रिस्ती धर्म म्हणतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुनिष्ठ नीतीवरचा, म्हणजे बरे-वाईट कोणाच्या मतावर अवलंबून नसते या म्हणण्यावरचा, वाद बहुतेक वेळा याच समजुतीपाशी अडून बसतो. ख्रिस्ती परंपरेचे मूळ म्हणणे निराळे आहे, आणि मला ते कितीतरी धीट वाटते. बरे काय नि वाईट काय हे राजाच्या, बहुमताच्या, इतकेच काय पण चर्चच्याही मर्जीवर ठरत नाही. त्याचे मूळ देवाच्या स्वभावात आहे आणि ते ओळखण्याची कुवत माणूस म्हणून सगळ्यांनाच मिळालेली आहे. या म्हणण्याला आजचे रूप यायला कित्येक शतके लागली.

त्याची मुळे यहुदी धर्मग्रंथांत आहेत. सदोम या पापी शहराचा देव नाश करणार असे कळल्यावर यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम थेट देवालाच विचारतो, साऱ्या जगाचा न्यायाधीश न्यायाने वागणार नाही का? देवाला असा जाब विचारता येतो, याचा अर्थ न्याय ही त्याची लहर नव्हे. पुढे दावीद राजा आपल्याच सैन्यातल्या उरीयाला मारवून त्याची बायको आपल्या घरात आणतो, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला तोंडावर सांगतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ आसपासच्या राज्यांत राजाचा शब्द हाच कायदा असे. इथे राजालाही गुन्हेगार म्हणून उभे करणारा कायदा त्याच्या वर होता.

ग्रीकांनी हाच विषय तर्काने धरला. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला कोंडीत पकडतो. देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिले मानावे तर नीती लहरी ठरते. दुसरे मानावे तर देवाच्याही वर काहीतरी मानावे लागते. ख्रिस्ती विचारवंतांना हा पेच टाळता आला नाही.

इ.स. ५७ च्या सुमारास पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले. ज्यांना मोशेचे नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांचा धर्मनियम, मिळाले नाही, ते परराष्ट्रीय लोकही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात, कारण नियमाचा आशय त्यांच्या अंतःकरणात लिहिलेला आहे आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते, असे तो म्हणतो. पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरलेले हे वाक्य आहे. श्रद्धा नसलेल्यालाही बरे-वाईट कळते, हे कबूल करायला चर्चला आधुनिक काळाची वाट पाहावी लागली नाही.

वाईट मग आले कुठून? तिसऱ्या शतकातला इराणी पंथसंस्थापक मानी याचे उत्तर सोपे होते. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे झगडत आहेत, आणि आपण त्यांच्या लढाईत सापडलो आहोत. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेला ऑगस्टिन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे याच पंथात होता. पुढे त्याला ते पटेना. निर्मिती चांगली असेल, तर वाईट ही स्वतंत्र वस्तू असू शकत नाही. ते चांगल्याचे उणेपण आहे, जखम म्हणजे धडधाकट शरीराचे उणेपण असते तसे. सोळाव्या वर्षी सवंगड्यांबरोबर त्याने शेजारच्या झाडाची पेअर चोरली होती. भूक नव्हती, फळेही खास नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. चोरी चुकीची आहे म्हणूनच ती करण्यात मजा वाटली, हे आठवून तो पानेच्या पाने लिहितो. एवढ्याशा चोरीचा एवढा ऊहापोह काहींना अतिरेकी वाटतो. मला वाटते, वाईट बाहेरून येऊन आपल्याला गाठते ही मानीची समजूत त्या झाडाखाली निकालात निघाली.

तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने पौलाच्या विचाराला शिस्तशीर मांडणी दिली. चांगले करावे आणि वाईट टाळावे, हे बुद्धीला मुळातच कळते; हाच नैसर्गिक नियम. मानवी कायदा त्याविरुद्ध गेला तर तो कायद्याची विकृती ठरतो. शंभर वर्षे उलटायच्या आत ओकमचा विल्यम या इंग्रज तत्त्वज्ञ साधूने देवाच्या इच्छेवर सगळा भर दिला. देवाने चोरीची आज्ञा केली असती तर तीही पुण्यकारक ठरली असती, असे म्हणण्यापर्यंत तो गेला. युथिफ्रोच्या पेचाची पहिली बाजू त्याने जवळजवळ कबूलच केली. बहुतेक परंपरा मात्र अक्वायनसच्या बाजूने राहिली. देव स्वतःच चांगुलपण आहे, म्हणून त्याची आज्ञा लहरी असू शकत नाही आणि त्याच्या वर दुसरे मोजमापही लागत नाही.

या विचाराची खरी परीक्षा झाली ती ख्रिस्ती सत्तेपुढेच. डिसेंबर १५११ मध्ये कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये डोमिनिकन या कॅथलिक संघाचा साधू अंतोनियो दे मोंतेसिनोस प्रवचनाला उभा राहिला. समोर स्पॅनिश वसाहतीतले मातब्बर बसले होते. तुम्ही सगळे महापापात जगता आहात, असे त्याने सुनावले. कोणत्या अधिकाराने या लोकांना गुलामीत राबवता? ही माणसे नाहीत का? यांना विवेकी आत्मा नाही का? श्रोते खवळले, माफीची मागणी झाली. पुढच्या रविवारी माघारीचे शब्द ऐकायला ते जमले, आणि त्याने तेच पुन्हा, आणखी कडक शब्दांत सांगितले. हा वृत्तान्त लिहून ठेवणारा बार्तोलोमे दे लास कासास त्या काळी स्वतः वेठीचे मूलनिवासी बाळगून होता. १५१४ मध्ये त्याने ते सोडले. १५५०–५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद इथे, मूलनिवासींवर बळाने सत्ता गाजवणे योग्य आहे असे म्हणणाऱ्या सेपुल्वेदा या स्पॅनिश विद्वानाशी त्याने वाद घातला. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. सेपुल्वेदाही नैसर्गिक नियमाचाच आधार घेत होता. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात हे ॲरिस्टॉटलचे मत त्याने पुढे केले. नीती वस्तुनिष्ठ आहे असे मानल्याने आपले वाचन बरोबरच असते असे नाही. पण तसे मानले नाही, तर सेपुल्वेदा चुकला असे म्हणायलाही जागा उरत नाही, फक्त तो आपल्याला आवडत नाही एवढेच म्हणता येते.

जर्मन तत्त्वज्ञ नित्शेने १८८७ मध्ये नेमके हेच टोक गाठले. ख्रिस्ती नीती म्हणजे दुबळ्यांच्या आकसाची निपज, असे त्याचे निदान होते. देवावरच्या श्रद्धेचा पायाच काढून घेतला तर वरची इमारत तशीच राहील ही युरोपची आशा त्याला भाबडी वाटे, आणि त्या बाबतीत तो बऱ्याच आस्तिकांपेक्षा प्रामाणिक होता.

विसाव्या शतकात हा वाद ग्रंथांत मावेना. न्युरेंबर्गला १९४५–४६ मध्ये नाझी नेत्यांवरच्या खटल्यात आरोपींनी वरिष्ठांच्या हुकमाकडे बोट दाखवले, तेव्हा हुकूम हा बचाव ठरणार नाही, असे न्यायाधिकरणाने म्हटले. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी वर्णभेदाचे कायदे का मोडावेत हे सांगताना ऑगस्टिन आणि अक्वायनस या दोघांचा दाखला दिला. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९७७ मध्ये वस्तुनिष्ठ मूल्ये अस्तित्वातच नाहीत असे मांडले. ती असती तर जगातल्या इतर कशासारखीही नसती, इतकी विलक्षण वस्तू मानायची कशाला, हा त्यांचा एक युक्तिवाद. ती विलक्षण आहेत हे ख्रिस्ती विचारवंतांना मान्यच होते, त्यांनी फक्त निष्कर्ष उलटा काढला: ती आहेत, म्हणजे त्यांच्यामागे देव असला पाहिजे. ख्रिस्ती तत्त्वज्ञ रॉबर्ट ॲडम्स यांनी कर्तव्य हे प्रेमळ देवाच्या आज्ञेशी आणि चांगुलपण त्याच्या स्वभावाशी जोडून ओकमची अडचण सोडवायचा प्रयत्न केला.

सगळ्यात जुनी अडचण मात्र शिल्लक आहे. सर्वशक्तिमान, चांगला देव आणि वाईट यांत तार्किक विसंगती आहे, असे मॅकी यांनीच १९५५ मध्ये म्हटले होते. ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये माणसाच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन दिलेले उत्तर देव न मानणाऱ्या अनेक तत्त्वज्ञांनाही विसंगतीच्या आरोपापुरते पुरेसे वाटले. त्यानंतर १९७९ मध्ये देव न मानणारे तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी वणव्यात होरपळून दिवसच्या दिवस तडफडणाऱ्या हरणाच्या पाडसाचे उदाहरण पुढे केले. तिथे कुणाच्या स्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही. काही ख्रिस्ती विचारवंत म्हणतात की देवाची कारणे आपल्या नजरेच्या टप्प्यात असायलाच हवीत असे नाही. काही जण कारणे शोधणे सोडून क्रुसावर स्वतः दुःख भोगणाऱ्या देवाकडे बोट दाखवतात. ही दोन उत्तरे एकमेकांशी कशी जुळवायची, यावर त्यांच्यातही अजून एकमत नाही.