चुंबक चिकटला की लोखंड, नाही चिकटला की स्टेनलेस? थांबा जरा

धातू कुठला ते कसं ओळखायचं, असं कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, शिरोलीला नायतर उद्यमनगरात कुठंही विचारा, हेच उत्तर मिळतंय, आणि म्हणूनच आजोबांच्या गॅरेजातल्या लेथशेजारच्या डब्यातले तुकडे घरचे लोक चुंबक फिरवून भंगारवाल्याला देऊन टाकतात. पण ४३० आणि ४१० ग्रेडचं स्टेनलेस चुंबकाला मस्त चिकटतं, चिकटत नाही ते ३०४, आणि तेसुद्धा थंड स्थितीत वाकवलं-ठोकलं की थोडं ओढलं जातं. उलट अ‍ॅल्युमिनियम, पितळ, शिसं, टायटॅनियम, मॅग्नेशियम यातलं काहीच चिकटत नाही, मग ते सगळं काय स्टेनलेस झालं का राव?

त्यापेक्षा घनता काढा. आधी तुकडा किचनच्या काट्यावर तोला, मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि तुकडा दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू द्यायचा नाही, आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. वजनाला त्यानं भागा. २.७ आलं तर अ‍ॅल्युमिनियम, ४.५ टायटॅनियम, ७.८ च्या आसपास स्टील, ११.३ शिसं, आणि १९ च्या वर गेलं तर बहुतेक टंगस्टन (सोनं असतं तर पिवळं दिसलं असतं, आशा सोडा). मिश्रधातूत आकडा थोडा इकडंतिकडं होतो.

१.८ च्या आसपास आलं तर मात्र ग्राइंडर लावू नका. ते मॅग्नेशियम असू शकतं, त्याचा भुसा पेटतो आणि वर पाणी मारलं तर आणखी भडकतो, कोरडी वाळूच टाकायची.