स्केटबोर्ड लटपटू लागला की मागे झुकावे काय?

उतारावर वेग वाढून स्केटबोर्ड डावी-उजवीकडे लटपटू लागला की मागे झुकावे, म्हणजे तोल सावरतो, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरत असला तरी तो पाडणाराच आहे. चाके ज्या धातूच्या जोडणीवर, म्हणजे ट्रकवर, बसवलेली असतात, ती जोडणी फळी कलताच वळते. भार मागच्या पायावर गेला की मागचा ट्रकच दिशा ठरवू लागतो आणि हेलकावे वाढत जातात. म्हणूनच उतारावरच्या शर्यतींतले स्वार गुडघे वाकवून बराचसा भार पुढच्या पायावर ठेवतात आणि मागचा ट्रक कमी वळणारा निवडतात. ट्रकचा नट करकचून आवळणे हाही काही रामबाण उपाय नव्हे. त्याने लटपट फार तर अधिक वेगापर्यंत पुढे ढकलली जाते.